विषय: नंबरप्लेटच्या फ्रेमा काढा, आजच्या आज

प्रेषक: मीनल
बुधवार, सकाळी ७:१०

ज्यांनी मंडळाची फ्रेम गाडीला लावली आहे त्यांनी ती आजच काढा. ऑफिसला निघायच्या आधी.

काल पथकाच्या सरावानंतर ओमला पोलिसांनी पुल ओव्हर केलं. हॉलमधून निघून दुसऱ्याच सिग्नलपाशी. पावणेअकरा वाजले होते. अकराच्या आत, म्हणजे नवशिक्यांच्या (प्रोबेशनरी) लायसनच्या वेळेत. हे आधीच लिहिते, कारण कोणीतरी विचारणारच. कारण काय, तर नंबरप्लेटवरचं ‘गार्डन स्टेट’, म्हणजे न्यू जर्सीचं टोपणनाव, झाकलं गेलंय. आपल्या फ्रेमच्या खालच्या पट्टीने.

मग गाडी कोणाची? आईची. रजिस्ट्रेशनवर माझं माहेरचं आडनाव, लायसनवर ओमचं वडिलांचं. मग ही बाई कोण? मग मागे त्या गोल पिशव्यांत काय आहे? ढोल. उघडून दाखव. तोवर दुसरी गाडी पण येऊन मागे उभी राहिली, दिवे लावून. बावीस मिनिटं. शेवटी तिकीट नाहीच, तोंडी ताकीद.

घरी आला तो काही बोलला नाही. दूध प्यायला आणि झोपला. सकाळी कचरा बाहेर ठेवायला गेले तर डब्यात फ्रेम. तेव्हा कळलं.

प्रेषक: हेमंत (खजिनदार)
बुधवार, सकाळी ८:३१

मीनल, ओम बरा आहे ना? वाईट झालं.

पण असं एकदम लिस्टवर टाकायच्या आधी कार्यकारिणीला कळवलं असतंस तर बरं झालं असतं. सकाळपासून मला अकरा फोन. हिशोब असा: २०० मागवल्या, १३४ गेल्या, ६६ माझ्या गॅरेजमध्ये. १२ डॉलरने धरले तर १,६०८ डॉलर. ते ढोलांच्या निधीत गेले आणि ढोलांची नवी पानं येऊन चढली पण. पैसे परत मागितले तर कुठल्या खात्यातून देऊ, हे आधी कोणीतरी सांगा.

माझ्या गाडीला गेले चार महिने हीच फ्रेम आहे. मला कोणी थांबवलेलं नाही.

प्रेषक: अरुणकाका
बुधवार, सकाळी ९:०५

मी १९७८ पासून या देशात गाडी चालवतो आहे. पाच वेळा थांबवलं. पाचही वेळा चूक माझी होती आणि पाचही वेळा पोलीस सभ्यपणे वागले. काच खाली, आतला दिवा चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर, ‘येस ऑफिसर’. वाद घालायचा नाही. हल्लीच्या मुलांना आपण हक्क शिकवतो, रीत शिकवत नाही. ओम गुणी मुलगा आहे, त्याच्याबद्दल म्हणत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९८७ साली जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणारी पोरं आपल्या लोकांच्या मागे लागली होती. तेव्हा आम्ही बायकांना कुंकू पुसून बाहेर पडा म्हणत होतो. आणि आमचं मागणं काय होतं? पोलिसांची गस्त वाढवा! हे विसरू नये.

फ्रेमची कल्पना मूळ माझी, २०११ ची. ती बारीक होती. तिच्यावर कोणाचा फोन नंबर नव्हता. अधिक लिहीत नाही.

प्रेषक: झाकीर
बुधवार, दुपारी १२:२२

काका, तुमच्या पाचही वेळा मला पटल्या. मीही हेच करतो. काच, दिवा, हात, येस ऑफिसर. माझं लायसन बघेपर्यंत सगळं छान असतं.

एक सांगतो. गेल्या वर्षी नाटकाचे लाइट्स परत द्यायला रात्री निघालो होतो. तो काचेपाशी आला, ‘हाऊ आर वी डूइंग टुनाइट’ म्हणाला. लायसन घेऊन आपल्या गाडीत गेला. परत आला तेव्हा ते ‘वी’ राहिलं नव्हतं. नंतर काय काय विचारलं ते सोडा. त्या एका ‘वी’साठी माणूस वर्षभर चिडून राहू शकतो, हे मला आधी माहीत नव्हतं.

आणि हे अमेरिकेचंच आहे असंही नाही. आपल्याकडे परजिल्ह्याची पाटी दिसली की शिट्टी वाजते, आणि लायसनवरचं नाव वाचलं की ‘अहो’चं ‘अरे’ होतं. दोन्हीकडे अनुभव आहे, तुलना करायला मोकळा आहे. (आणि नाही, मी तबला वाजवत नाही. लाइट्स करतो. सतरावं वर्ष.)

प्रेषक: निखिल
बुधवार, दुपारी १२:४०

झाकीरभाई, परजिल्ह्याचं शंभर टक्के! आणि आपली मंडळी तिकडे पाटीवर काय काय करतात, ४१४१ चं ‘दादा’, ८०५५ चं ‘बॉस’. इथे बिचारं बाप्पाचं नाव लावलं तर ही तऱ्हा.

प्रेषक: अनुजा
बुधवार, दुपारी १:१५

मीनल, तू लिहिलं नाहीस पण सानिका आणि तिची मैत्रीण पण गाडीत होत्या ना? सानिका मला काल रात्रीच बोलली. प्रोबेशनरी लायसनवर आई-वडील सोबत नसतील तर एकच पॅसेंजर चालतो अशी माझी समजूत आहे. दोष देत नाहीये. पण पोलिसाने पाटीवरचा लाल स्टिकर बघून थांबवलं असेल तर गोष्ट वेगळी होते. तो कायलीज लॉ २०१० मध्ये आला तेव्हाच आम्ही म्हणत होतो की मुलांच्या गाडीवर ‘मी लहान आहे’ अशी पाटी कशाला.

प्रेषक: मीनल
बुधवार, दुपारी १:२८

हो. होत्या. चुकलंच. सानिकाला सोडायला तूच सांगितलं होतंस, तेही चुकलंच.

पण अनुजा, तेच तर मी म्हणते आहे. पॅसेंजर जास्त होते हा खरा गुन्हा तिथे समोर बसला होता. पूर्ण बावीस मिनिटांत त्याने स्टिकरचं नाव काढलं नाही, किती जण बसलेत ते मोजलं नाही. विचारलं काय? आडनाव, पिशव्या, कुठून आलात, हॉलमध्ये इतक्या रात्री कसला कार्यक्रम. आणि ओमला, तू इथेच जन्मलास का.

प्रेषक: प्राची
बुधवार, संध्याकाळी ५:५०

दिवसभर कोर्टात होते, आता वाचलं. माझं काम इमिग्रेशनचं आहे, ट्रॅफिकचं नाही, त्यामुळे याला वकिली सल्ला समजू नका.

आधी फ्रेम. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये नेमक्या याच विषयावर निकाल दिला आहे. दोन खटले एकत्र होते, रोमन-रोसाडो आणि कार्टर. रोमन-रोसाडोच्या फ्रेमने ‘गार्डन स्टेट’चा खालचा थोडासा भाग झाकला होता, शब्द वाचता येत होते. कोर्ट म्हणालं, हा गुन्हा नाही, थांबवायला नको होतं. कार्टरच्या पाटीवर मात्र ते शब्द पूर्ण झाकले गेले होते. तिथे थांबवणं कायदेशीर ठरलं. म्हणजे प्रश्न हेमंतच्या गॅरेजमध्ये आहे. आपल्या फ्रेमने किती झाकतं?

आता काकांचं आणि मीनलचं. छोटासा का होईना, नियमभंग प्रत्यक्ष झाला असेल, तर पोलिसाच्या मनात खरं कारण काय होतं हे घटनेच्या चौथ्या दुरुस्तीखाली (विनाकारण झडती-अटकेविरुद्धचं संरक्षण) बघितलं जात नाही. व्रेन खटला, १९९६, अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय. नियमांचं पुस्तक इतकं जाड आहे की पाच मैल मागे गेलं तर कोणाचंही काहीतरी सापडतं. भेदभाव सिद्ध करायचा तर ती वेगळी लढाई, आकडे घेऊन. त्याच वर्षी ग्लॉस्टर काउंटीच्या एका न्यायाधीशाने टर्नपाईकवर, म्हणजे आपल्या टोलच्या हायवेवर, काळ्या ड्रायव्हरांना निवडून थांबवतात हे मान्य केलं. राज्य आधी नाही म्हणत होतं. एप्रिल १९९८ मध्ये टर्नपाईकवर ट्रूपरांनी (राज्य पोलिसांनी) एका व्हॅनवर गोळ्या झाडल्या, त्यानंतर १९९९ मध्ये राज्याने स्वतः कबूल केलं आणि फेडरल देखरेख बसली ती २००९ पर्यंत. आज ज्या नियमांच्या आधारे ओम ‘नाही’ म्हणू शकला असता, त्यातले काही त्या लोकांच्या भांडणातून आलेले आहेत. आपल्या नाही.

पिशव्यांचं: ‘उघडून दाखवतोस का’ हा प्रश्न असेल तर नाही म्हणता येतं, शांतपणे. आणि न्यू जर्सीत २००२ पासून रस्त्यावर थांबवलेल्या गाडीत तो प्रश्न विचारायलाही संशयाला काहीतरी आधार लागतो. ड्रायव्हरला उतर म्हणाले तर मात्र उतरावं लागतं. मागच्या सीटवरच्याला उतरवायला इथे जास्त कारण लागतं.

मीनल, बॉडी कॅमेऱ्याचं चित्रण मागून घे. ते किमान १८० दिवस ठेवावं लागतं. उशीर करू नकोस.

प्रेषक: वर्षा
बुधवार, संध्याकाळी ६:०२

विषयांतर करते, सॉरी. २१ चे दोन मोदकांचे साचे गेल्या वर्षी कोणाकडे राहिले? पितळी आहेत, मागे पांढरा दोरा बांधलेला.

प्रेषक: प्रसाद
बुधवार, संध्याकाळी ६:३०

अरुणकाका, पाच हा आकडा फार लहान आहे, त्यावरून काही निघत नाही. :) स्टॅनफर्डच्या लोकांनी देशभरातले साधारण दहा कोटी स्टॉप गोळा करून २०२० मध्ये छापले. त्यांची युक्ती मला आवडली. घड्याळात वेळ तीच, संध्याकाळचे सात धरा. उन्हाळ्यात उजेड असतो, हिवाळ्यात अंधार. अंधारात आत कोण बसलंय ते दिसत नाही. तर अंधार पडल्यावर थांबवलेल्यांत काळ्या ड्रायव्हरांचं प्रमाण कमी होतं. रस्ता तोच, वेळ तीच.

आपण त्यात कुठे, हे मात्र नीट कळत नाही. वंशाचा रकाना बहुतेक ठिकाणी पोलीस बघून भरतो. मला एकदा तिकिटावर ‘पांढरा’ लिहिलं होतं. आईला फोटो पाठवला, तिने फेअर अँड लव्हलीचे पैसे वसूल झाले म्हणून कळवलं.

प्रेषक: वैशाली
बुधवार, रात्री ८:१४

हसण्यावारी नेऊ नका हो. गाडीत ओम होता, त्याला इंग्रजी येतं. माझे सासरे येत्या आठवड्यात येतायत. ते रोज सकाळी सहाला फिरायला निघतात, डोक्याला मफलर, बागेत डोकावत डोकावत. २०१५ मध्ये अलाबामात मॅडिसनला सुरेशभाई पटेल असेच मुलाच्या घरासमोर फिरत होते. कोणीतरी फोन केला, पोलीस आले, यांना इंग्रजी येत नाही. जमिनीवर आपटलं, अर्धांगवायू झाला. नातवाला सांभाळायला आले होते ते. त्या पोलिसावर दोनदा खटला चालला, दोन्हीदा ज्यूरीचं एकमत झालं नाही, मग न्यायाधीशांनी सोडून दिलं.

मी बाबांच्या खिशात पत्त्याचं कार्ड ठेवते. पण खिशात हात घालू नका हेही त्यांना शिकवायचंय. दोन्ही एकदम कसं सांगायचं?

प्रेषक: अरुणकाका
बुधवार, रात्री ९:४०

वर्षा, साचे माझ्याकडे आहेत. मी सुनंदा लिहिते आहे, ह्यांच्याच ईमेलवरून. दोऱ्याचा साचा एक, दुसरा बिनदोऱ्याचा. शनिवारी आणते.

आणि ह्यांच्या त्या पाच वेळांत सहलीहून येतानाची वेळ नाही. तेव्हा तिकीट मिळालं नाही म्हणून हे मोजत नाहीत. सगळं सामान गाडीतून काढून रस्त्याच्या कडेला मांडायला लावलं होतं. मी, दोन लहान मुलं आणि माझ्या वहिनीने दिलेली लोणच्याची बरणी. बरणी फुटली. हे तेव्हाही ‘येस ऑफिसर’च म्हणत होते. घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. मीनल, ओमला जरा बोलतं कर. आमच्या मोठ्याने तो विषय पुन्हा कधी काढलाच नाही.

वैशाली, सासऱ्यांचं कार्ड खिशात नको, गळ्यात घाल. सीनियर ग्रुपला आम्ही दोऱ्या वाटल्या होत्या, दहा-बारा उरल्यात.

प्रेषक: हेमंत (खजिनदार)
गुरुवार, सकाळी ७:५५

रात्री गॅरेजमध्ये जाऊन मापं घेतली. ‘गार्डन स्टेट’ पूर्ण जातं. एक अक्षर दिसत नाही. म्हणजे आपण कार्टर.

कारण असं की मूळ डिझाइनमध्ये खालची पट्टी अर्धा इंच होती. प्रायोजकाला त्याचा फोन नंबर मोठा हवा होता, म्हणून एक इंचाच्या वर गेली. हे मिनिट्समध्ये आहे. त्या मीटिंगला मी नव्हतो. कोण होतं ते मिनिट्समध्ये आहे.

माझ्या गाडीला चार महिने होती आणि मला कोणी विचारलं नाही, हे मी काल वेगळ्या अर्थाने लिहिलं होतं. मी रोज सकाळी साडेसातला ट्रेन स्टेशनपर्यंत जातो, टाय लावून. आता ते तसं वाचवत नाही.

तर: १३४ च्या १३४ परत घेतो. पैसे प्रायोजकाकडून मागू, नाही दिले तर दिवाळीच्या स्टॉलमधून. निखिल म्हणतो त्याच्याकडे ग्राइंडर आहे, खालची पट्टी उडवून वरचं ‘मोरया’ तेवढं ठेवता येईल. ‘गणपती बाप्पा’ खालच्या पट्टीवर आहे, ते जाणार. शनिवारी सरावाला येताना फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर आणा. कॉस्टकोच्या पार्किंगमध्ये काढत बसू नका, काल दोघांनी काढल्या आणि सिक्युरिटीवाला चौकशीला आला.

प्रेषक: अरुणकाका
गुरुवार, सकाळी ८:२०

२०११ ची फ्रेम मोजली. पाऊण इंच. शब्द अर्धे दिसतात. म्हणजे बहुधा चालते, पण काढली.

बरणीचं खरं आहे.

प्रेषक: अनुजा
गुरुवार, सकाळी ८:४५

नुसतं ‘मोरया’ कसं दिसेल? त्यापेक्षा नवीन करूया ना, नीट बारीक. मी डिझाइन करते.

प्रेषक: हेमंत (खजिनदार)
गुरुवार, सकाळी ८:४७

नको.

प्रेषक: ओम
गुरुवार, दुपारी ३:३३

हेमंतकाका, माझी फ्रेम मी कचऱ्यातून परत काढली आहे, शनिवारी देतो. ती वाकली आहे. १२ डॉलर नकोत.

प्राचीमावशी, त्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. ‘ओपन इट’ म्हणाला. मग तो विचारला नाही तर मी नाही कसं म्हणायचं?

झाकीरकाका, माझे दोन ढोल शनिवारपासून तुमच्या व्हॅनमध्ये न्याल का? मी सानिकाला आणि आईला घेऊन येईन. आई चालवेल.