मदत हवी आहे : गटात बसून स्वतःचा विचार कसा करायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे काही चित्रं काढणारे, कविता करणारे आणि मातीकाम करणारी एक ताई, रविवारी सकाळी अंबाझरीला जमतो. आधी तर्री-पोहे, मग काम. अडचण अशी की कोणी काही दाखवलं की सल्ल्यांचा पाऊस. परवा एकाने कोळशाने काढलेली संत्र्याची बाग दाखवली. तो काही बोलायच्या आत "सावली कमी कर", "खोड जाड घे" सुरू! बिचाऱ्याने वही मिटली.

१९५८ साली येल विद्यापीठातल्या एका प्रयोगात, चौघांच्या गटापेक्षा वेगवेगळं बसलेल्या चौघांच्या मिळून जास्त कल्पना निघाल्या होत्या. म्हणून आधी १० मिनिटं गप्प बसून वहीत लिहायचं असं डोक्यात आहे. पण लिहिलेलं वाचून दाखवावं का? मला विचाराल तर नको. वाचायचं म्हटलं की माणूस सजवून लिहितो. निम्म्यांना हे पटत नाही.

कोणी असं करून पाहिलंय का? लिहायला सुरुवात करताना कोणता प्रश्न देता? आणि मे महिन्यात आठलाच ऊन चटके देतं, तेव्हा बसायला धरमपेठ-सीताबर्डीकडे एखादी फुकटातली जागा असेल तर तीही सांगा जी.