मदत हवी आहे: 1990 ची मियाटा, टायमिंग लाइट 10 अंश दाखवते, पण गाडीत दमच नाही

उघडं_छप्पर:

नमस्कार मंडळी,

जुन्या गाड्या स्वतः सांभाळणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. गाडी माझदा मियाटा, 1990 चं मॉडेल, 1.6 लिटर इंजिन, पाच गिअर. मी न्यू जर्सीत राहतो. हिलाच युरोपात एमएक्स-5 म्हणतात आणि जपानात ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. ताकद फक्त 116 अश्वशक्ती, पण वजन टनाच्या आत आणि ओढ मागच्या चाकांना, त्यामुळे वळणावर ही गाडी जे सुख देते ते हिच्या दुप्पट ताकदीच्या गाड्यांत मला मिळालेलं नाही. ती नीट व्हावी अशी मनापासून इच्छा आहे.

तक्रार अशी: पिकअप हळूहळू गेलाय. एका दिवसात नाही, त्यामुळे आधी लक्षातच येत नाही. आता हायवेवरच्या साध्या चढावर पाचव्यातून चौथ्यात यावं लागतं. 4,000 आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) वर इंजिन फिरतं, पण ओढत नाही. आयडलिंग थोडं खडबडीत आहे, मधूनच 850 वरून 700 वर येऊन परत सावरतं. मिसिंग म्हणावं असं नाही. पेट्रोल जास्त पितेय. चेक इंजिनचा दिवा लागत नाही, साठवलेला कोडही नाही.

आतापर्यंत पाहून झालेलं: प्लग, प्लगच्या वायरी, पेट्रोल फिल्टर आणि एअर फिल्टर नवे. हवा मोजणाऱ्या मीटरची झडप मोकळी हलते. इंधनाचा दाब बरोबर आहे. ब्रेक कुठे धरून ठेवत नाहीत, गाडी न्यूट्रलमध्ये हाताने सहज ढकलता येते. क्लचही घसरत नाही.

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना 160 ते 165 पीएसआय. कंपनीचा आकडा 192 आहे आणि किमान मर्यादा 135, म्हणजे इंजिन बाद नाही. पण चारही एकसारखे कमी, हे मला खटकलं. रिंगा किंवा वॉल्व्ह गेले असते तर एखादा तरी सिलिंडर वेगळा दिसला असता. तेल टाकून परत मोजलं, फारसा फरक नाही.

व्हॅक्यूम गेज लावला तर आयडलिंगला काटा 15 इंचांवर स्थिर. निरोगी इंजिनला 18 ते 20 यायला हवं. 2,500 वर धरून ठेवलं तरी काटा हळूहळू खाली येत नाही, म्हणजे सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलेला नसावा.

हे सगळं व्हॉल्व्ह टायमिंग (वॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) मागे पडल्याकडे बोट दाखवतं. पण डायग्नोसिस बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी या दोन पिना जोडून टायमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी चमकणारा दिवा) मारली की खूण बरोबर 10 अंशांवर, म्हणजे हवी तिथेच! बेल्टचं कव्हर काढून पाहिलं, दोन्ही कॅमच्या (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) खुणाही जागेवर. इथल्या एका गॅरेजने कॅम अँगल सेन्सर (ठिणगीची वेळ ठरवणारा) फिरवून टायमिंग 14 वर नेऊन दिलं. गाडी थोडी हलकी झाली, पण दोनच आठवड्यांत पुन्हा तेच. मी ते परत 10 वर आणलंय, कारण मूळ दोष सापडल्याशिवाय ते दाबून टाकायचं नाहीये.

आधीच्या मालकाने बेल्ट बदलून घेतल्याची पावती आहे, त्यानंतर गाडी फारशी चाललेली नाही. क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुलीच्या मधल्या भागाला चार खाचा आहेत, आणि आयडलिंगला पुली किंचित डगमगल्यासारखी वाटते.

प्रश्न दोन. लाइट बरोबर दाखवत असताना टायमिंग चुकीचं असू शकतं का? आणि चार खाचांची पुली म्हणजे तो सुरुवातीच्या इंजिनांचा आखूड नाकाच्या, म्हणजे पुढचं टोक आखूड असलेल्या, क्रँकचा प्रकार, तर पुढे काय करावं?

सिंहगडरोड:

कॅम अँगल सेन्सर बदलून पाहा. 35 वर्षांचा भाग आहे.

मिडलँड्सकर:

सेन्सर अजिबात घेऊ नका. माझ्याकडे 1990 ची युनोस आहे आणि मी यातून गेलोय.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, असू शकतं, आणि या इंजिनात ते तसंच होतं. लाइटचा झटका येतो सेन्सरच्या हिशेबाने. सेन्सर फिरतो कॅमवर, कॅम फिरतो बेल्टवर, बेल्ट फिरतो क्रँकच्या खालच्या दातेरी चक्रावर. आणि ज्या पुलीवर तुम्ही खूण बघता ती त्याच चक्राबरोबर, त्याच चावीवर (खाचेत बसून जागा धरणारा धातूचा तुकडा) बसलेली आहे. क्रँकच्या नाकातली चावीची खाच झिजली की चक्र आणि पुली दोन्ही मिळून क्रँकच्या मागे राहतात. एकमेकांच्या हिशेबाने ती बरोबरच असतात. म्हणून लाइट 10 म्हणते, कॅमच्या खुणा जुळतात, आणि पिस्टन मात्र भलतीकडेच असतो. तुमचं एकसारखं कमी कॉम्प्रेशन आणि 15 चा स्थिर काटा यात चपखल बसतात.

खात्री करायची तर पिस्टनलाच विचारा. बॅटरी सोडा, चारही प्लग काढा. जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून त्यात गोल टोकाचा बोल्ट बसवा आणि तो पहिल्या सिलिंडरमध्ये लावा. गाडी पाचव्यात टाकून मागचं एकच चाक उचला आणि त्याने इंजिन हळूच फिरवा. पिस्टन बोल्टला टेकला की पुलीवर खूण करा. उलट दिशेने टेकवा, दुसरी खूण. दोन्हींचा मध्य म्हणजे खरा वरचा बिंदू. क्रँकच्या बोल्टला पाना लावून फिरवू नका, उलट फिरवताना तो सैल होतो आणि तपासायची गोष्टच बदलते.

उद्यमनगर:

मी कोल्हापूरचा, क्रँकचंच काम करतो. मिडलँड्सकरांचं बरोबर आहे. एक भर घालतो. चावी ताकद वाहायला नसते, फक्त जागा धरायला असते. ताकद वाहतो बोल्टचा दाब. बेल्ट बदलताना बोल्ट अंदाजाने आवळला की दाब कमी पडतो, मग सगळा मार चावीवर येतो आणि खाच रुंद होत जाते. आमच्याकडे असा क्रँक आला की नाकावर वेल्डिंगने भरून, लेथवर माप काढून खाच नव्याने कापतो. पण त्यासाठी क्रँक बाहेर हवा, म्हणजे पूर्ण इंजिन उतरवणं आलं. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने क्रँक वाकलाय का ते पाहावंच लागतं.

उघडं_छप्पर:

तिघांचेही मनापासून आभार. मिडलँड्सकर, सांगितलंत तसंच केलं. पुलीभोवती कागदी पट्टी गुंडाळली, घेर 360 ने भागला आणि त्यावर दोन्ही खुणा घेतल्या. खरा वरचा बिंदू आणि पुलीवरची खूण यांत साधारण 8 अंशांचा फरक आहे. म्हणजे लाइट 10 म्हणत होती तेव्हा ठिणगी प्रत्यक्षात 2 अंशांवर पडत होती, आणि कॅमही तेवढेच उशिरा.

मग बोल्ट काढला. तो अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी जोरात सुटला. चक्र ओढलं तर चावीच्या एका बाजूला पायरी पडलेली, आणि खाचेच्या तोंडाशी तांबूस भुकटी. तेल नव्हे, गंजासारखी कोरडी पूड. धातू धातूवर घासून तयार झालेली. खाचेची एक कड मात्र अजून धारदार आहे. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर चावी आणि झिजलेल्या कडेत सुमारे 0.3 मिमी फट.

आता दुरुस्तीचं. मियाटावाल्यांमध्ये लॉकटाइट 660 ने (धातूच्या भागांमधली फट भरून घट्ट होणारा गोंद) फट भरून घेण्याची पद्धत रूढ आहे. दुसरा पर्याय म्हणजे नंतरच्या, लांब नाकाच्या क्रँकचं 1.6 इंजिन शोधून बसवणं. आठ खाचांची पुली दिसली की ते ओळखता येतं. जुनं इंजिन आतून इतकं स्वच्छ आहे की ते टाकून द्यायला मन होत नाही.

मिडलँड्सकर:

एक कड शाबूत असेल तर आधी 660 च करा. नवी चावी, नवा बोल्ट, चक्र झिजलं असेल तर तेही नवं. सगळं ब्रेक क्लीनरने कोरडं करा, चावी शाबूत कडेला दाबून ठेवा, फट भरा, आणि पुढच्या ऑइल सीलला तो पदार्थ लागू देऊ नका. बोल्ट 108 ते 118 न्यूटन मीटर. लांब नाकाच्या क्रँकचा आकडा 157 पासून सुरू होतो, तो इथे वापरू नका. मग पूर्ण एक दिवस गाडीला हात लावू नका. माझी अशीच केलेली आहे आणि दर सर्व्हिसला मी बोल्टवर आखलेली रंगाची रेघ जागेवर आहे का ते पाहतो.

बेल्ट निघालेलाच आहे तर वॉटर पंप आणि सीलही बदलून घ्या.

उघडं_छप्पर:

पंप, सील, बेल्ट मागवले. बेल्टची मुदत तशीही 60,000 मैलांची, आणि आधीच्या कामावर आता माझा भरवसा नाही. हे इंजिन बेल्ट तुटला तरी वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळणाऱ्यांपैकी नाही, तेवढा धीर आहे.

इथल्या दुकानात 660 मिळालं नाही, 638 आहे. डब्यावरच्या माहितीप्रमाणे ते 0.25 मिमीपर्यंतच्या फटीसाठी आणि 660 हे 0.5 पर्यंत. माझी फट 0.3, म्हणून 660 येईपर्यंत थांबतोय. उद्यमनगर, तुम्हाला एक विचारायचं होतं: चावी बाजारातून तयार घेण्याऐवजी लेथवर पायरीची, म्हणजे क्रँकच्या बाजूला 0.3 मिमी जाड करून घेतली, तर 660 बरोबर ती चालेल का? आणि पोलाद कोणतं घ्यावं? माझी भीती अशी की चावी फार कठीण झाली तर खाचेची ती उरलेली चांगली कडही खाऊन टाकेल.