लसावि की मसावि? आंब्याच्या गणितात अडकलोय

प्रश्न (देवगड):
मुलगी सहावीत. गणित असं: २५२ हापूस, १८० पायरी. जाती मिसळायच्या नाहीत, प्रत्येक खोक्यात सारखेच आंबे, एकही उरायला नको. खोक्यात जास्तीत जास्त किती भरता येतील? तिने लसावि (दोन्ही आकड्यांनी पूर्ण भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) काढला, १२६० आला. चुकलंय हे मला कळतं, पण का ते तिला पटेल असं सांगता येत नाही. माझा जन्म आंबे मोजण्यात गेलाय, म्हणून जास्तच टोचतं.

उत्तर (मालवण, शिकवण्या घेते):
दादा, तिला एवढंच विचारा: हापूस सगळे मिळून २५२, मग एका खोक्यात १२६० कुठून येणार? खोक्यातल्या आकड्याने २५२ आणि १८० दोन्हींना पूर्ण भाग जायला हवा, म्हणजे तो विभाजक. २५२ = २×२×३×३×७, १८० = २×२×३×३×५. दोन्हीकडे आहेत २, २, ३, ३. गुणाकार ३६, हाच मसावि, म्हणजे दोन्हींचा सर्वांत मोठा सामाईक विभाजक. हापूसचे ७ खोके, पायरीचे ५. ७ आणि ५ मध्ये १ सोडून सामाईक काही नाही, म्हणून याहून मोठा खोका नाहीच.

उत्तर (हर्णै):
लसाविही दाखवा. एक होडी दर ६ दिवसांनी बंदरात येते, दुसरी दर ८. आज दोन्ही आल्या, तर पुन्हा एकत्र २४ दिवसांनी.

प्रश्नकर्ता:
ताई, काल पडवीत खरेच आंबे मांडले, २४ आणि १८. तिने आपणहून सहा-सहाचे ढीग केले. मग म्हणाली, "बाबा, तीन-तीनचेपण होतात, पण खोके जास्त लागतात."