ऑस्ट्रेलिया-चीन तरुणांचे ‘संवाद’: गेला असाल, पाहिले असतील तर अनुभव लिहा

रानजाई
काल रात्री भाचीचा फोन. ऑस्ट्रेलिया-चायना यूथ डायलॉगला अर्ज केलाय, मुलाखत आहे, आणि प्रश्न काय तर "मावशी, तिथे जाऊन नक्की बोलायचं काय असतं?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २०१० पासून चालू आहे हा प्रकार. दोन्ही देशांतली मिळून तीसेक तरुण मंडळी, वकील, उद्योजक, पत्रकार, सरकारी नोकर वगैरे, काही दिवस एकत्र राहतात आणि बोलतात. मी त्याला गेलेली नाही. पण विद्यापीठात असताना कॅनबेरात अशाच एका छोट्या संवादात होते, ऑस्ट्रेलियाच्या बाजूने. फोन ठेवला आणि ते सगळं असं डोळ्यापुढे आलं की झोपच उडाली.

पहिलं आठवलं ते पाणी. प्रत्येक टेबलावर बर्फ घातलेले जग. चीनकडच्या मंडळींनी मुकाट्याने आपापले थर्मास काढले आणि मागच्या पॅण्ट्रीत गरम पाण्याच्या अर्नपाशी (तोटीवाल्या पिंपापाशी) रांग लावली. त्या रांगेत मीही, कारण घसा. माझ्या पुढे चीनच्या शांतुंग प्रांतातली एक मुलगी. तिने माझ्या बिल्ल्याकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं आणि सरळ विचारलं, "तू त्यांच्याकडून का?" हो म्हटलं. "मग गरम पाणी कसं पितेस?"

दुपारी संयोजकांनी बाजू उलटवल्या. विषय उत्तर ऑस्ट्रेलियातलं डार्विन बंदर, जे २०१५ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका चिनी कंपनीला दिलं होतं. मी चीनच्या बाजूने बोलायचं, तिने ऑस्ट्रेलियाच्या. कंपनी तिच्याच प्रांतातली! मी गुंतवणूक, रोजगार असं काहीबाही वाचून दाखवलं. ती उठली, कागद पालथा ठेवला आणि म्हणाली, "९९ वर्षांचा पट्टा म्हणजे काय असतं ते आम्हाला हाँगकाँगमुळे चांगलं ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियन माणसाला धाकधूक का वाटते ते मला कुणी समजावून सांगायला नको." (ब्रिटिशांनी हाँगकाँगचा मोठा भाग असाच ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतला होता.) दोन क्षण कुणी काही बोलेना. मग तिच्याच बाजूचा एक जण फसकन हसला आणि सगळेच सुटले.

असल्या बैठकांना चॅटम हाउसचा नियम असतो, म्हणजे काय बोललं गेलं ते सांगा, कोण बोललं ते सांगू नका. म्हणून नाव लिहीत नाही. आता भाचीला काय सांगू ते तुम्ही सांगा.

शेवगा
गरम पाणी +१००!! आमच्या ऑफिसातही अर्नच्या रांगेत चिनी आणि आपण. बाकी नंतर लिहिते, कुकर लागलाय.

पर्थकर
भाचीला सांगा, ग्लास खाली धरायला शीक.

चिनी जेवणात चिअर्स करताना मोठ्या माणसाच्या ग्लासपेक्षा आपला ग्लास जरा खाली ठेवतात, मान म्हणून. आमच्याकडे खाणधंद्यातल्या तरुण मंडळींचं जेवण होतं, दोन्हीकडचे. समोर चीनमधल्या तांगशानच्या पोलाद कारखान्यातला एक इंजिनियर, माझ्याच वयाचा. त्याने ग्लास खाली नेला, मी अजून खाली, तो अजून खाली. शेवटी दोघांचे हात टेबलाखाली. वेटर विचारतोय काही पडलं का.

हा गडी रोज आमच्या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबराच्या लोहखनिजावर काम करणारा, पण पिलबरा कधी पाहिलेलं नाही. फोनमधले फोटो दाखवले. लाल माती, पार क्षितिजापर्यंत जाणारी मालगाडी. त्याला गाडीचं काही नाही. तो विचारतो, माणसं कुठायत? म्हटलं दिवसभर गाडी हाकलीस तरी भेटतील न भेटतील. म्हणाला, आमच्या एका सोसायटीत तुमच्या दोन-चार गावांची माणसं राहतात, आणि हे सगळं खोदतंय कोण मग?

तेव्हा राजकारण कुणी काढलं नाही, काढायची गरजही नव्हती. पुढे संबंध बिघडले. २०२० मध्ये चीनने ऑस्ट्रेलियाच्या बार्लीवर ८० टक्के कर लावला, मग वाइन, कोळसा, लॉब्स्टर, एकेक करून सगळं अडकलं. लोहखनिजाला मात्र हात नाही, कारण एवढं दुसरीकडून आणणार कुठून. त्या काळात ह्या पठ्ठ्याचा दर नवीन वर्षाला मेसेज यायचा, "खडक पोचतोय."

आळूवडी
माझा अनुभव माझा नाही, मुलाचा आहे, चालेल ना?

व्हिक्टोरिया सरकारची एक योजना होती, नववीच्या मुलांना सहा आठवडे चीनला न्यायचे. कोविडच्या आधीची गोष्ट. लेकाचं नाव लागलं आणि घरात सुतकी वातावरण, कारण आमच्याकडे पक्कं शाकाहारी. सासूबाईंनी मेतकूट, दाण्याची चटणी, भडंग असं एवढं दिलं की बॅगेत कपड्यांना जागा नाही.  

तिथे गेल्यावर फोन आला की इथे शाळेत दुपारी जेवण झालं की सगळा वर्ग बाकावर डोकं टेकून झोपतो. अधिकृत! घंटा होते उठायची. सासरे एवढे खूश. "वामकुक्षी! आणि म्हणे ते आपल्यापेक्षा पुढे का गेले."

त्याला जोडीदार दिलेला मुलगा शेवटपर्यंत त्याला ‘ऑस्ट्रेलियन’ म्हणायला तयार नव्हता. ऑस्ट्रेलियन म्हणजे गोरे. मग ह्याने त्याला वर्गातल्या इतर ऑस्ट्रेलियन मुलांचे फोटो दाखवले: एक व्हिएतनामी घरातला, एक सुदानी, एक ग्रीक. तो म्हणाला, "मग ऑस्ट्रेलियन कुठाय?" लेक म्हणाला हेच सगळे. त्यावर तो खूप वेळ विचार करून म्हणाला, तुमच्याकडे वर्गात भांडणं झाली की शिक्षक कुठल्या भाषेत ओरडतात?

भडंग मात्र पहिल्याच दिवशी संपला. सगळा होस्टेलवाल्यांनी खाल्ला. मेतकुटाला कुणी हात लावला नाही.

कुंभारआळी
मेतकुटाचा अपमान सहन केला जाणार नाही 😡

निमूट
रसभंग करतो, माफ करा.

हे संवाद म्हणजे आधीच पटलेल्या लोकांना एकत्र बसवणं. दोन्हीकडून चांगल्या विद्यापीठांतली, चांगलं इंग्रजी बोलणारी मुलं येतात. इकडच्याला बायोडेटात एक ओळ हवी असते, तिकडचा खांद्यावरून मागे बघत बोलतो. बंदराची गोष्ट छान आहे, पण ती मुलगी ते बीजिंगात बोलली असती का?

आणि बाजू-बाजू खेळणं आपल्याला परवडतं. ऑक्टोबर २०२० ची ऑस्ट्रेलियाच्या सिनेटची सुनावणी आठवतेय का कुणाला? परदेशी वंशाच्या समाजांच्या अडचणींवर समिती होती. तिथे साक्षीला आलेल्या तीन चिनी वंशाच्या ऑस्ट्रेलियन लोकांना एका सिनेटरने विचारलं, चिनी कम्युनिस्ट पक्षाचा बिनशर्त निषेध करता का, सांगा. आले होते बोलायला की आम्हाला सार्वजनिक जीवनात जागा का मिळत नाही, आणि त्यांचीच निष्ठा तपासली गेली. माझ्या टीममधली एक मुलगी, जन्म मेलबर्नचा, आईवडील मलेशियाचे, चीनमध्ये पाऊल ठेवलेलं नाही. त्या आठवड्यात तिने असल्या एका कार्यक्रमाचा अर्ज मागे घेतला. म्हणाली, गेले तर संशय, आणि तिथे चीनविरुद्ध बोलले नाही तर दुप्पट संशय. ज्यांनी जायला हवं तेच गळतात, आणि आपल्यासारखे ‘तटस्थ’ तिथे बसून गरम पाणी पितात.

रानजाई
@निमूट माफी कसली, हे यायलाच हवं होतं धाग्यावर. भाचीला तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवलाय. पण "बीजिंगात बोलली असती का" ह्याचं उत्तर मला माहीत नाही असं नाही. नसती बोलली. म्हणूनच कॅनबेरात बोलायची सोय असावी ना?

निमूट
सोय असावी. फक्त तिला मैत्री म्हणू नये एवढंच.

शेवगा
आले. कुकरची शिटी गेली होती, ते जाऊ दे.

@निमूट, मी मैत्री म्हणते. आमचा एक जुना वीचॅट ग्रुप आहे, सिडनी-क्वांगचौ. दोन्ही १९८६ पासून भगिनी शहरं आहेत, त्यातल्याच एका तरुण नगररचनाकारांच्या भेटीतून जमलेला. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मंत्र्यांचे फोन तिकडे कुणी उचलत नव्हतं, सप्टेंबरात ऑस्ट्रेलियन वृत्तसंस्थांचे शेवटचे दोन बातमीदार तिथून निघून आले, तेव्हाही ग्रुपवर रोज काहीतरी यायचं. अर्थात काय यायचं? तान्ह्या बाळांचे फोटो, फुटपाथवर उखडलेल्या फरश्यांचे फोटो (नगररचनाकार ना), पावसाचं पाणी तुंबल्याचे फोटो. बातम्यांवर एक अक्षर नाही. मला तेव्हा ते भित्रेपणाचं वाटायचं. पण मार्च २०२४ मध्ये वाइनवरचा कर उठला त्या दिवशी तिकडच्या एकाने नुसता बाटलीचा फोटो टाकला आणि वीस लोकांनी अंगठे दिले. ग्रुप मेलेला असता तर फोटो कुठे टाकला असता?

पर्थकर
लॉब्स्टर तर डिसेंबर २०२४ ला सुटला. आमच्याकडे त्या काळात बंदरावर स्वस्तात मिळायचा, आम्ही कोकणी माणसांनी संबंध सुधारू नयेत म्हणून देव पाण्यात ठेवले होते.

दुभाष्या
पुण्यात चिनी शिकलो, सिडनीत दुभाष्याचं काम करतो. अशा बैठकांत काचेच्या खोलीत बसून आळीपाळीने बोलणारे ते आम्ही. आम्हाला बाजू नसते, फक्त सँडविच उशिरा मिळतं.

एका बैठकीनंतर चीनमधल्या शिचियाच्वांगचा एक तरुण डॉक्टर गप्पा मारायला आला. तू कुठला? महाराष्ट्र. काही नाही. मुंबई. बरं बरं. बायको सोलापूरची आहे म्हटलं तर...

कुंभारआळी
कोटणीस. पैज.

दुभाष्या
हो रे बाबा, कोटणीस. पण पुढचं ऐक. त्याच्याच शहरात हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे, शाळेतून फुलं वाहायला नेतात. १९३८ ला गेले, १९४२ ला तिथेच वारले, हे त्याला तोंडपाठ. शेजारी उभा होता जिलाँगचा एक ऑस्ट्रेलियन प्रतिनिधी. त्याला वाटलं आपलंही कुणीतरी असायला हवं. म्हणाला, आमच्या गावचा जॉर्ज मॉरिसन होता की, लंडनच्या ‘टाइम्स’चा पेकिंगमधला बातमीदार, वांगफुचिंग रस्त्याला परदेशी लोक मॉरिसन स्ट्रीट म्हणायचे. डॉक्टर शांतपणे म्हणाला, "माहीत आहे. तोही शिकून डॉक्टरच झालेला. तो चीनचा राष्ट्राध्यक्ष युआन शिकाई याचा सल्लागार झाला. कोटणीस रोग्यांजवळ राहिले."

जिलाँगवाला खरंच विचारात पडला. हे सगळं बैठकीबाहेरचं बोलणं, म्हणून मला भाषांतराचे पैसे मिळाले नाहीत.

आणि @निमूट, तटस्थ वगैरे काही नाही हो. गलवाननंतर मला दोन्हीकडचे विचारतात, भारताचं काय मत? मी म्हणतो माझा दर तासाचा आहे, मतांचा वेगळा.

सोनतळ
व्हिक्टोरियातल्या बेंडिगोत, सोन्याच्या खाणींच्या जुन्या गावात राहते म्हणून लिहिते. इथे अशा पाहुण्यांना हमखास आणतात, गोल्डन ड्रॅगन म्युझियम बघायला. मी तिथे स्वयंसेवक म्हणून जायचे. ईस्टरच्या मिरवणुकीत नाचवायचा ड्रॅगन शंभर मीटरच्या वर लांब, तो बघून सगळे फोटो काढतात. मी मात्र त्यांना रोब गावाचं सांगायचे. १८५५ मध्ये व्हिक्टोरियाने बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंड कर लावला. मग जहाजं शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोबला जायला लागली, तिथे कर नव्हता. तिथून सोन्याच्या खाणींपर्यंत शेकडो किलोमीटर पायी. हजारो माणसं. खांद्यावर कावड.

एकदा क्वांगतुंगचा एक मुलगा हे ऐकून निघून गेला बाहेर. मला वाटलं दुखावला. थोड्या वेळाने आला तर फोनवर आजोबांशी बोलत होता, त्यांच्या गावातून कोण कोण इकडे आलेलं ते विचारत होता. आजोबांना दोन नावं आठवली. आम्ही जुन्या दफनभूमीच्या यादीत शोधली, सापडली नाहीत. त्याच्याबरोबरची ऑस्ट्रेलियन मुलगी, जिला हा कर कधी शाळेत शिकवलाच नव्हता, ती त्या दिवसापासून शोधतेय. अजून मेल करते मला अधूनमधून, ह्या स्पेलिंगने बघा, त्या स्पेलिंगने बघा.

आळूवडी
सोनतळ, ईस्टरला आम्ही येणार आहोत! राहायची सोय आत्ताच करावी लागेल का?

सोनतळ
आत्ताच. खरं तर उशीरच झालाय. व्यक्तिगत निरोप पाठवा, आमची मागची खोली आहे.

रानजाई
भाचीने विचारलंय: भेट काय न्यावी? मूनकेक नको म्हणाली, ऋतू नाही.

शेवगा
मूनकेकचं नावच काढू नका. आमच्या चिनी शेजारणीने प्रेमाने डबा दिला, सासूबाईंनी प्रसाद समजून तोंडात टाकला, आत खारवलेल्या अंड्याचा बलक. एकादशी होती.

कुंभारआळी
😂😂 भेट म्हणून मेतकूट न्या.

पर्थकर
घड्याळ आणि छत्री सोडून काहीही. ती दोन त्यांच्याकडे अशुभ मानतात.

आळूवडी
भडंग. सिद्ध झालेलं आहे.

निमूट
मुलाखतीला शुभेच्छा सांगा भाचीला. आणि माझ्या त्या टीममधल्या मुलीला मी हा धागा वाचून दाखवला, मराठीचं इंग्रजी करत. ती म्हणाली, त्या भाचीला भेटायला आवडेल. शनिवारी बॉक्स हिलला येता का? नूडल्स खाऊ.

रानजाई
येतो की! शाकाहारी मिळतात ना तिथे? गाडी नाही आणणार, पार्किंगची बोंब.

निमूट
मिळतात, फक्त रस्सा कशाचा ते विचारून घ्यायचं. १०९ ची ट्रॅम धरा, शेवटच्या स्टॉपला उतरा.