मदत हवी आहे: वडिलांचं मृत्युपत्र आहे, तलाठी म्हणतात प्रोबेट आणा. सुट्टीचे 11 दिवस उरलेत

सडा_42
नमस्कार. वडील मार्गशीर्षात गेले. त्यांनी स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहून ठेवलंय, घर आणि कलमबाग माझ्या नावे केली आहे. ते घेऊन तलाठ्यांकडे गेलो तर त्यांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. "कोर्टातून प्रोबेट आणा, मग बघू." म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला. एका वकिलांना फोन केला, ते म्हणाले सहा महिने तरी धरून चाला. माझ्याकडे 11 दिवस आहेत. मग परत पोस्टिंग, पुढची सुट्टी कधी ते सांगता येत नाही. बाग खंडाने (ठरावीक रकमेला हंगामापुरती) घेतलेला व्यापारी रोज विचारतो की उरलेले पैसे कोणाला द्यायचे. सातबारावर नाव लवकरात लवकर कसं लागेल तेवढंच सांगा.

माहीमची_खोली
प्रोबेटशिवाय काही होणार नाही. आमच्या वडिलांच्या माहीमच्या खोलीसाठी हायकोर्टात दोन वर्षं हेलपाटे घातलेत, म्हणून सांगतो. मृत्युपत्र म्हटलं की प्रोबेट आलंच. वेळ घालवू नका, आजच वकीलपत्र द्या.

परसदार
मृत्युपत्र नोंदणीकृत आहे का? साक्षीदार किती? जमीन वडिलोपार्जित की वडिलांनी घेतलेली? वारस कोण कोण? जिल्हा कुठला? यातलं काहीच लिहिलं नाहीत तर काय सांगणार?

सडा_42
रत्नागिरी जिल्हा, गाव समुद्राकाठचं, तालुका इथे लिहीत नाही. नोंदणी केलेली नाही. साक्षीदार दोन. जमीन वडिलांची. वारस मीच.

परसदार
"जमीन वडिलांची" हे उत्तर झालं नाही. सातबारावर एकट्या वडिलांचं नाव आहे की सामाईक आहे? आपल्याकडे एकेका सातबारावर तीस-चाळीस नावं असतात, त्यातली निम्मी माणसं देवाघरी गेलेली.

निवृत्त_हवालदार
जय हिंद. तू फौजेतला आहेस म्हणून एकेरी लिहितो. वडीलही फौजेत होते का? आई आहे का? असेल तर जमीन राहू दे बाजूला, आधी फॅमिली पेन्शन चालू झाली का ते सांग. वडील गेल्याचं स्पर्श पोर्टलवर, म्हणजे फौजी पेन्शनच्या वेबसाइटवर, कळवलंस का? कळवलं नसेल तर पेन्शन खात्यात येतच राहते, आणि नंतर सगळी वसूल होते. आमच्या वाडीतल्या एका वहिनींकडून सात महिन्यांची वसुली निघाली. त्या माउलीने ते पैसे दवाखान्यात घातले होते.

सडा_42
जय हिंद साहेब. पेन्शनचं विचारलं नव्हतं, पण सांगतो. वडील सुभेदार म्हणून रिटायर झाले. आई आहे. ते गेल्यावरही दोन महिने पेन्शन जमा झाली आणि आईने ती बाराव्या-तेराव्याची देणी भागवायला काढली. आम्हाला वाटलं तिचीच आहे. फॅमिली पेन्शन अजून चालू नाही, कारण डिस्चार्ज बुकात आईचं नाव एक आहे आणि आधारवर दुसरं. लग्नानंतरचं नाव घरात कोणी वापरलंच नाही.

परसदार, तीन सर्व्हे नंबर सामाईक आहेत, त्यावर काकांची नावं आहेत. कातळावरचा नंबर वडिलांनी 2003 मध्ये रिटायरमेंटच्या पैशातून घेतला. 42 हापूस कलमं आहेत, सगळी त्यांनी स्वतः लावलेली. पहिली चार वर्षं उन्हाळ्यात खालच्या विहिरीवरून कावडीने पाणी घातलं. त्या नंबरवर त्यांचं एकट्याचं नाव आहे. घर आजोबांचं.

बागाईतदार_राजापूर
42 कलमं कातळावर, खंड किती मिळाला? आमच्याकडे यंदा थ्रिप्सने (फुलकिड्यांनी) मोहोर काळा पडला, राहिलेलं वानरांनी नेलं. खंड घेणारा निम्म्यातच मागे हटला. पुढच्या वर्षाचा करार करताना फवारणी कोणाची ते कागदावर घ्या, तोंडी ठेवू नका.

एक_जुना_वाचक
वडील फौजी होते ना? मग साक्षीदार लागतच नाहीत. सैनिकाचं मृत्युपत्र तोंडीसुद्धा चालतं, कायद्यात आहे.

वकील_खाडीकाठ
असं अर्धवट सांगू नका, माणसं त्यावर विसंबून राहतात. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात ती सवलत आहे, पण मोहिमेवर किंवा प्रत्यक्ष युद्धात असलेल्या सैनिकाला. घरी बसून लिहिणाऱ्या निवृत्त सुभेदारांना ती लागू नाही. त्यांच्या मृत्युपत्राला दोन साक्षीदार हवेतच.

आता मूळ प्रश्न. प्रोबेटची सक्ती रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या जमिनीला कधीच नव्हती. त्याच कायद्याच्या कलम 213 ची अट मुंबई, कोलकाता, चेन्नई या तीन शहरांतल्या मृत्युपत्रांपुरती आणि तिथल्या स्थावरापुरती होती. तेही कलम संसदेने डिसेंबर 2025 मध्ये काढून टाकलं. मृत्युपत्राची नोंदणीही ऐच्छिकच असते. त्यामुळे "प्रोबेट आणा" म्हणून कागद परत करणं बरोबर नाही. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नकार द्यायचा असेल तर तो लेखी द्या म्हणावं.

सडा_42, मृत्युपत्रात नेमकं काय लिहिलंय ते शब्दाला शब्द सांगता का? आणि दोन्ही साक्षीदार हयात आहेत का?

माहीमची_खोली
वकीलसाहेब, कायदा बदलला असेल, पण उद्या कोणी उठून म्हणालं की सही खोटी आहे, तर? प्रोबेट हातात असलं की तोंडं बंद होतात. दोन वर्षं गेली, पण आज आम्ही सुखाने झोपतो. कोकणातल्या लोकांना कोर्ट नको असतं आणि मग तीन पिढ्या भांडत बसतात.

वकील_खाडीकाठ
तुमचं चुकीचं नाही. वाद उभा राहणार असेल तर प्रोबेट घेतलेलं बरं, ते सगळ्यांवर बंधनकारक असतं. पण वाद आहे की नाही हेच आपल्याला अजून माहीत नाही. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती महसुलासाठीची नोंद आहे. त्या नोंदीसाठी हायकोर्टासारखा खर्च या मुलाला का सांगायचा?

सडा_42
वडिलांची काळी ट्रंक आहे, झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, रँक, नाव. त्यात डिस्चार्ज बुकाखाली हा कागद होता. शाळेच्या वहीची दोन पानं, निळी शाई. दोन्ही पानांखाली सही, आणि सहीखाली आर्मी नंबर. घरच्या कागदावरही तो नंबर घालायचे. मजकूर असा: घर आणि कातळावरची बाग मुलास. बँकेतली ठेव ताईस. पेन्शन पत्नीस. साक्षीदार शेजारचे निवृत्त गुरुजी आणि गावचे पोस्टमन. पोस्टमन कोविडमध्ये गेले. गुरुजी 81 वर्षांचे आहेत, ऐकायला कमी येतं, पण डोकं शाबूत आहे.

माहेरवाशीण_देवरुख
थांबा. "ठेव ताईस." ही ताई कोण? वर लिहिलंत "वारस मीच".

सडा_42
सख्खी मोठी बहीण. लग्न होऊन 19 वर्षं झाली, चिपळूणला असते. तिला तिची ठेव मिळणारच आहे, म्हणून लिहिलं नव्हतं.

माहेरवाशीण_देवरुख
लग्न झालं म्हणजे ती वारस राहत नाही असं तुमच्या मनात कुठेतरी आहे, म्हणूनच ते लिहायचं राहिलं. मीही माहेरवाशीण आहे. आमच्याकडे वारस नोंदीच्या नोटिशीवरून मला कळलं की भावाने माझ्याशिवाय अर्ज केलाय. बाग नको होती मला, पण तो कागद पोस्टाने घरी आला तेव्हा सासरच्या माणसांसमोर मान खाली गेली. तुम्ही ताईंना मृत्युपत्र दाखवलंत का?

वकील_खाडीकाठ
हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनेही सगळ्यात मोठा आहे. मृत्युपत्र नसतं तर वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत आई, ताई आणि तुम्ही सारखे वाटेकरी होता. घर आणि सामाईक नंबर वडिलोपार्जित असतील तर ताईंचा हक्क जन्मापासून आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली 2005 ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा विनीता शर्मा निकाल यांनी ते पक्कं केलंय. वडिलांना तिथे आपल्या हिश्श्यापुरतंच लिहिता येतं. कातळावरचा नंबर त्यांचा स्वतःचा, तो ते कोणालाही देऊ शकत होते.

पेन्शन मृत्युपत्राने देता येत नाही. फॅमिली पेन्शन हा मिळकतीचा भागच नाही, सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगितलंय. आईंना ती नियमाने मिळेल, या कागदाने नाही. आणि ठेवीवर नॉमिनी कोण?

सडा_42
ठेवीवर नॉमिनी मी आहे.

वकील_खाडीकाठ
मग बँक पैसे तुमच्या हातात देईल, पण तुम्ही मालक होत नाही. विम्याबाबत 1983 मध्ये आणि शेअर्सबाबत 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. ते पैसे मृत्युपत्राप्रमाणे ताईंना पोचवणं तुमच्यावर आहे.

11 दिवसांत सातबारावर नाव लागणार नाही, हे आधी मनाशी धरा. फेरफार धरल्यावर सगळ्या हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अर्ज मात्र तुमच्या सुट्टीत आत जाऊ शकतो. पुढची धावपळ आई किंवा पत्नीला मुखत्यारपत्र देऊन त्यांच्यावर सोपवा. गुरुजींचं प्रतिज्ञापत्र याच आठवड्यात करून घ्या. वडिलांनी आपल्यासमोर सही केली हे सांगणारा हयात साक्षीदार तोच एक आहे, आणि उद्या कोर्टात गेलंच तर निदान एका साक्षीदाराची साक्ष लागते. खंडाचे पैसे तिघांच्या संमतीने आईंच्या खात्यात घ्या आणि व्यापाऱ्याला पावती द्या.

निवृत्त_हवालदार
मी आणखी एक विचारतो, रागावू नकोस. तुझं लग्न झालंय, मग तुझी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नाची फौजेच्या रेकॉर्डला नोंद, झाली का? एजीआयएफला (फौजेच्या गट विम्याला) आणि प्रॉव्हिडंट फंडाला नॉमिनी अजून आईच आहे की बायकोचं नाव घातलंस? सीमेवर असलेल्या पोराने हे कागद आधी नीट करावेत. आमच्या कंपनीतला एक जण गेला तेव्हा नॉमिनी आई होती आणि बायकोच्या पदरात दोन महिन्यांचं बाळ. दोघी एकमेकींचं तोंड बघत नाहीत आज.

कॅम्पवाला
हवालदार काकांशी सहमत. आमच्या दापोलीला जुनी माणसं अजून "कॅम्प" म्हणतात. इंग्रजांच्या काळात पेन्शनर सैनिकांची वस्तीच होती इथे. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही वर्षं दापोलीत होते. कोकणात फौजी पेन्शनरांचं घर नवीन नाही, पण कागद नीट ठेवायची शिस्त घरच्यांना कोणी शिकवली नाही.

वानर_पीडित_लांजा
राजापूरकर, थ्रिप्सवर तुम्ही काय मारलंत? वेगळा धागा काढता का?

कुडाळचो_झील
ह्यां वाचून माका माझां घर आठावला. आमच्या बापाशीन असोच कागद करून ठेवल्यान. भावान बहिणींका इचारल्याशिवाय तो पुढे केल्यान. नऊ वर्सां केस चलली. कलमां रवली, राखणदार नाय. आता कोण कोणाच्या गणपतीक येना नाय. झिला, कागद रवांदेत बाजूक, पयलो ताईक फोन कर.

सडा_42
केला फोन. उद्या येते म्हणाली. मी हे आधी का केलं नाही याचं मला आज वाईट वाटतंय. वाटलं होतं सुट्टी कमी आहे, काम उरकून टाकू, मग सांगू.

सडा_42
चार दिवसांनी लिहितोय. ताई आली. मृत्युपत्र तिने दोनदा वाचलं. वडिलांची सही बघून आत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. मग म्हणाली, "बाग तुझीच आहे, बाबांनी मला सांगितलं होतं. ठेवीचं नंतर बघू, आधी आईची पेन्शन. पण घरावर माझं नाव राहू दे. आईनंतर गणपतीला या घरात मला पाहुणी म्हणून यायचं नाही." मी हो म्हटलं. वकीलसाहेबांनी लिहिल्याप्रमाणे तिचा हक्क तसाही आहेच, पण मी त्यासाठी हो म्हटलं नाही.

घराच्या उताऱ्यासाठी आणि सामाईक नंबरांसाठी तिघांची वारस नोंद, कातळावरच्या नंबरासाठी मृत्युपत्राचा अर्ज, असे वेगवेगळे अर्ज दिले. आई आणि ताईचा हरकत नसल्याचा लेखी जबाब जोडला. यावेळी तलाठ्यांनी अर्ज घेतले आणि पोचही दिली.

गुरुजींचं प्रतिज्ञापत्र काल झालं. नोटरीकडे न्यायला रिक्षा आणली तर म्हणाले, थांब, कोट घालतो. कागद डोळ्यांजवळ धरून पोस्टमनकाकांच्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा र बघ. माझ्याच वर्गात होता तो, चौथीपर्यंत सांगून थकलो, पण र कधी सरळ काढला नाही." नोटरींनी ते वाक्य तसंच घेतलं.

माझी पार्ट टू ऑर्डर झालेली आहे, पण एजीआयएफला अजून आईचंच नाव आहे. परत गेल्यावर पहिलं ते काम.

हवालदार साहेब, उद्या आईला घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जातोय, नावातल्या फरकाचं आणि त्या दोन महिन्यांच्या पेन्शनचं विचारायला. डिस्चार्ज बुक मूळ न्यायचं की झेरॉक्स चालेल?

निवृत्त_हवालदार
मूळ ने, पण हातातून सोडू नकोस. दाखव आणि परत घे. झेरॉक्सचे तीन संच ने, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि मृत्यूच्या दाखल्यासकट. आईचं जुनं रेशनकार्ड असेल तर तेही घे, त्यावर बहुतेक जुनं नाव सापडेल. दोन महिन्यांच्या पेन्शनचं आपणहून सांग, लपवू नकोस. आणि सकाळच्या पहिल्या एसटीने जा, म्हणजे आईला उन्हात उभं राहावं लागणार नाही.