मदत हवी आहे : जुन्या शेफील्ड वस्तऱ्याला टाचेकडे धार लागतच नाही

साबणफेस

जुन्या बाजारातून घेतलेला घडीचा वस्तरा रोजच्या दाढीला लायक करायचा आहे. मापं एकदमच देतो.

शेपटीच्या मुळाशी 'शेफील्ड इंग्लंड' असा ठसा आहे, कारखान्याचं नाव गंजात गेलं. पाठीपासून धारेपर्यंत रुंदी १७ मिमी, पाठीची जाडी ५ मिमी, धारेची लांबी ७० मिमी. मूठ काळी, कशाची आहे ते कळत नाही. खिळा थोडा ढिला आहे. टोकाजवळ एक बारीक खांडा होता, पाव मिमीचा, तो दगडावर निघून गेला.

आतापर्यंत केलेलं काम : तेल लावून ६००, १००० आणि २००० नंबरच्या पॉलिश पेपरने गंज काढला. मग किंग कंपनीचा १०००/६००० नंबरचा दुहेरी दगड, १००० ची बाजू भरड, ६००० ची बारीक. १००० वर शंभर फेऱ्या, ६००० वर पन्नास, नंतर जुन्या कमरेच्या पट्ट्यावर घासला.

अडचण : टोकाकडची धार हातावरचे केस सहज कापते. टाचेकडचे, म्हणजे मुठीजवळच्या टोकाचे, साधारण २० मिमी मात्र केसांवरून नुसते घसरतात. गालावर तर सगळंच ओढतं. ६००० वर आणखी फेऱ्या मारू का? पाठीला टेप लावू का? की सरळ कात्री-सुरीच्या धारवाल्याकडे देऊ?

निसणा

धारवाल्याकडे अजिबात नको. त्याचं चाक कोरडं फिरतं, आणि धारेजवळचं पोलाद कागदाएवढं पातळ असतं. २०० अंशांच्या थोडं वर गेलं की पिवळसर छटा येते, ३०० च्या आसपास निळी. रंग दिसला म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, कडकपणा गेला, तेवढा भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही. चाक वस्तऱ्याचा कोनही मोडतं.

वस्तऱ्यात कोन हाताने धरायचाच नसतो. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात, पाठीची जाडी कोन ठरवते. तुमच्या मापांचं गणित : पाठीची अर्धी जाडी २.५ मिमी भागिले रुंदी १७ मिमी. एका बाजूचा कोन साडेआठ अंश, दोन्ही मिळून जवळपास १७. हा उत्तम कोन आहे, त्यामुळे टेपची गरज नाही. पाठ झिजून ४ मिमी झाली असती तर कोन साडेतेरावर आला असता आणि इतकी बारीक धार दाढी करतानाच तुटत राहिली असती. तिथे टेप लावावीच लागते.

६००० चा नाद सध्या सोडा. जी धार १००० वर तयार झाली नाही ती पुढच्या कुठल्याच दगडावर होत नाही. पुढचे दगड फक्त ओरखडे बारीक करतात. दोन्ही बाजूंचे उतार अजून टाचेकडे एकमेकांना भेटलेले नाहीत, एवढाच याचा अर्थ. का भेटले नाहीत ते शोधायचं.

आधी दगड सपाट आहे का ते बघा. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा, काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून चिकटवा आणि दगड त्यावर घासा. मधल्या चौकटी मागे राहिल्या तर दगड खोलगट आहे. सगळ्या जाईपर्यंत घासा. मग काळ्या मार्करने धारेच्या दोन्ही बाजू रंगवा, पाठीचा टेकणारा भागही. वजन न देता प्रत्येक बाजूला एकच फेरी मारा आणि शाई कुठे उरली ते इथे लिहा.

गंजखाऊ

मूठ कशाची ते आधी ठरवा. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी सडतात आणि त्यातून निघणारी आम्लाची वाफ पात्याला गंजवते. घडी केल्यावर पात्याचा जेवढा भाग मुठीत जातो तेवढ्यावरच गंज असेल आणि मुठीला कापरासारखा वास येत असेल, तर मूठ बदलायची. तिथे मुठीत जीव अडकवू नका, आणि तापलेली सुई लावून परीक्षा तर नकोच, सेल्युलॉइड भडकन पेटतं. शिंग असेल तर उजेडासमोर धरल्यावर तंतू दिसतात आणि बहुधा कडा किंचित वाकलेल्या असतात.

काळा डाग राहिला तर राहू द्या, तो पुढे वाढत नाही. तांबडा पूर्ण गेला पाहिजे. धारेच्या शेवटच्या मिमीत सुईने टोचल्यासारखे खड्डे मात्र भिंगातून बघाच. धार मागे सरकत त्या खड्ड्यापर्यंत पोचली की तिथे तुटते. दगडावर घालवलेला खांडा पुन्हा त्याच जागी उगवला तर कारण तेच समजा.

'इंग्लंड' ठशाबद्दल : अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानंतर तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालावं लागे, म्हणून असा ठसा असलेली पाती बहुतेक १८९१ नंतरची मानतात.

साबणफेस

दगड मध्ये खोलगटच होता, सपाट केला. शाईचा निकाल : ठसा असलेल्या बाजूला सगळी शाई गेली. उलट्या बाजूला टाचेकडचे २० मिमी तशीच काळी राहिली, आणि पाठीवरही तेवढ्याच भागात शाई शिल्लक आहे. काचेवर त्या बाजूने पातं ठेवून टोक दाबलं तर टाच उचलते. मूठ शिंगाची निघाली, तंतू दिसले.

निसणा

म्हणजे पातं वाकडं नाही. टाचेजवळ पात्याच्या अंगावर एक जाड उंचवटा असतो, त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. आधीच्या मालकांनी घासून घासून धार मागे नेली, टाच उंचवट्यापर्यंत आली, आणि आता त्या बाजूने उंचवटाच दगडावर चढतो. तो चढला की पाठ आणि धार दोन्ही हवेत. हजार फेऱ्या मारल्या तरी तिथे दगड लागणार नाही. वजन देऊन दाबलं तर टोकाकडची बाजू उगाच झिजेल. पाठीवरची शाई राहिली, यावरूनच हे पक्कं होतं. फक्त धारेवर राहिली असती तर वेगळा विचार करावा लागला असता.

टाच मागे घ्या. ४०० नंबरच्या दगडावर किंवा काचेवरच्या पॉलिश पेपरवर टाचेचा कोपरा उभा धरून गोल घासा, पाव आण्याच्या नाण्याची कड असते तसा. धारेची सुरुवात उंचवट्याच्या ४ ते ५ मिमी पुढे आली की थांबा. पाण्यात बुडवत राहा, बोटाला ऊब लागता कामा नये. उंचवट्याला हात लावायचा नाही. तो घासून सपाट करायचा मोह होतो, पण मग पात्याची शोभा जाते आणि दुसरी बाजू जुळत नाही.

नंतर १००० ची बाजू पंधरा मिनिटं भिजवा. उंचवटा दगडाच्या कडेबाहेर राहील असं पातं ठेवा, टाच किंचित पुढे, धार पुढे ढकलत. फेरी संपताना पातं दगडावरून तिरकं बाहेर सरकतं, टाचेपासून टोकाकडे. वळवताना पाठीवरून वळवा. आधी एकेका बाजूला वीस छोटी वर्तुळं, मग दहा सरळ फेऱ्या, पुन्हा शाई. पुरे कधी? धार सरळ डोळ्यासमोर दिव्याखाली धरा. जिथे चमकणारी रेघ दिसते तिथे धार बोथट आहे, धारदार कडेवरून उजेड परततच नाही. मग हातावरचे केस कातडीला टेकून, पूर्ण लांबीत, सारखे कापले गेले पाहिजेत. टोकाकडे कापतात आणि मधे नाही, असं असेल तर १००० वरच काम चालू ठेवायचं.

दगडफोड्या

टेपबद्दल निसणा यांच्याशी थोडा असहमत. कोनासाठी नको हे खरं, पण १००० वर एवढं काम करायचं तर पाठीवर झीज दिसेल. एक थर, दर पन्नास फेऱ्यांनी बदलायचा. टेप ०.१५ मिमी धरली तर कोन फक्त एक अंश वाढतो.

निसणा

लावा, पण मग ६००० वरही तशीच लावा. १००० वर टेप आणि ६००० वर बिनटेप असं केलं की कोन बदलतो, बारीक दगड धारेपर्यंत पोचतच नाही आणि माणूस दगडाला शिव्या देतो.

धोकटी

धाग्याचा विषय बदलत नाही, एकच छोटी शंका. रोल्स रेझरचा (डब्यातच धार लावता येणारा जुना सेफ्टी रेझर) डबा आहे, एका झाकणात दगड आणि दुसऱ्यात चामडं. मूठ मागेपुढे केली की पातं दोन्ही टोकांना आपसूक उलटतं. दगडावर धार पुढे जाते आणि चामड्यावर मागे ओढली जाते, हे बरोबर आहे की यंत्रणा बिघडली आहे?

गंजखाऊ

बरोबर आहे, तसंच हवं. दगडावर धार पुढे, चामड्यावर पाठ पुढे. डबा एकच, झाकणं समोरासमोर, त्यामुळे तीच हालचाल एका बाजूला उलटी होते. चामडं कडक झालं असेल तर त्यावर चालवू नका, फुगीर कडा धार खाते. कोमट पाण्याच्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग अगदी थोडं नीट्सफूट तेल (चामडं मऊ करायचं तेल). दगडाला तडा असेल तर पातं डब्याबाहेर काढून मोठ्या दगडावर करा, मात्र तिथे पाठ टेकवून कोन मिळतो का ते शाईने तपासा.

साबणफेस

टाच मागे घेतली, १००० वर एका थराच्या टेपने पूर्ण लांबीत केस कापले. टेप ६००० वरही ठेवली. उत्साहात दोनशे फेऱ्या मारल्या. पहिल्या पन्नासाला धार छान वाटली, दोनशेला खरखरीत. केसांना अडकते. दाढीत कापण्याऐवजी ओरबाडते.

निसणा

दोनशे! पन्नासला थांबायचं होतं. कडेची पातळ पापडी तयार झाली आहे, ती इकडून तिकडे वाकते. बोटाच्या नखाच्या कडेवर धार हलकेच टेकवून पुढे सरकवली की एका बाजूला अडकते आणि दुसऱ्या बाजूला नाही, तेच लक्षण.

६००० च्या दगडावर धार अगदी उभी धरून, वजन न देता, एकदाच ओढा. पापडी मोडेल आणि धार थोडी बोथट होईल, घाबरू नका. मग आळीपाळीने, एक या बाजूला एक त्या बाजूला, वीस ते तीस फेऱ्या. वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाएवढाच दाब. शेवटच्या दहाला तोही कमी. ६००० ची बाजू भिजत ठेवायची नाही, फक्त वर पाणी टाकायचं.

६००० वरून दाढी होते, पण त्वचा तक्रार करते. पुढे १ मायक्रॉनची लॅपिंग फिल्म (अतिबारीक घासणकण लावलेली प्लॅस्टिकची पातळ पट्टी) काचेवर दोन थेंब पाण्याने चिकटवून तीस फेऱ्या, हा स्वस्त आणि सपाटीची कटकट नसलेला मार्ग. हार्डवेअरच्या दुकानातली हिरवी पॉलिशची कांडी क्रोमियम ऑक्साइड (धारेवरून शेवटचा हात फिरवायची हिरवी पावडर) म्हणून वापरू नका, त्यात बऱ्याचदा अल्युमिनाची भेसळ असते. शुद्ध अर्धा मायक्रॉन पावडर वेगळी मिळते. ती जीन्सच्या तुकड्यावर लावा, रोजच्या चामड्यावर नको.

दगडफोड्या

कमरेच्या पट्ट्याचीही चौकशी करायला हवी. रंग आणि प्लॅस्टिकचा थर असलेला पट्टा धार घालवतो. निदान ५ सेंमी रुंदीचं साधं चामडं घ्या, लाकडी फळीवर सपाट चिकटवा. लटकता पट्टा सैल पडला की धार गोल होते, आणि नवख्यांची धार दगडावर नाही, इथेच जाते. रोज आधी कापडावर ३०, मग चामड्यावर ५०. पाठ पुढे, धार मागे. वळवताना धार चामड्याला लागली की चामड्यावर चीर आणि धारेवर खांडा, दोन्ही एकदम.

साबणफेस

पापडी मोडून तीस फेऱ्या, फिल्मवर तीस, नवीन चामड्यावर पन्नास. डोक्याचा एक केस मुळाच्या बाजूने धरून टेकवला तर तुटतो, टाचेकडेही. गाल साफ झाले. हनुवटीखाली मात्र जळजळ झाली, तुरटी लावल्यावर बरीच झोंबली. धार कमी पडते का?

गंजखाऊ

गाल साफ झाले म्हणजे धार आहे. हनुवटीखाली कोन वाढला असणार, मान वर केली की हात आपोआप उचलतो. पाठ त्वचेपासून एक ते दीड पाठीच्या जाडीएवढीच दूर, म्हणजे साधारण ३० अंशांपलीकडे जायचं नाही. कातडी दुसऱ्या हाताने खाली ताणा. पहिल्या आठवड्यात केसांच्या दिशेनेच, उलट्या दिशेने नको. आणि आधी तीन मिनिटं गरम पाण्याचा टॉवेल.

खिळा ढिला आहे म्हणालात, तो लोखंडाच्या तुकड्यावर टेकवून सोनारी हातोडीने डोक्याच्या कडेकडेने बारीक टिचक्या देत घट्ट करा. जोरात एक ठोका मारला तर शिंग तडकतं. पातं आपल्या वजनाने सावकाश पडावं, खळखळ पडू नये. जुना माल आहे म्हणून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पातं दहा मिनिटं ठेवून मगच पुढची दाढी करा. ब्लीच नको, त्याने खड्डे पडतात. मूठ त्यात बुडू देऊ नका.

दाढीनंतर पुसून चामड्यावर दहा फेऱ्या, आणि उघडाच ठेवा तासभर. न्हाणीघरात ठेवायचा नाही. पावसाळ्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुसट फिरवा. खोबरेल नको.