मदत हवी आहे : कन्नड कागदपत्रांवरून बातमीची पडताळणी कशी शिकवावी?

बेळगावात पत्रकारितेच्या पदव्युत्तर वर्गाला मी वार्तांकन शिकवतो. खानापूर तालुक्यातील ग्रामसभांत मराठी विद्यार्थी भाषणे नेटकी टिपतात. पण ‘रस्त्यासाठी निधी मंजूर’ एवढ्यावरच बातमी थांबते, कारण ठराव व खर्चाच्या नोंदी कन्नडमध्ये असतात. मोबाइलवरील भाषांतर हस्तलिखित ठरावापुढे हात टेकते. माहिती अधिकार कायदा, 2005 नुसार इंग्रजीत अर्ज करता येतो, परंतु उत्तर कन्नडमध्ये येते आणि 30 दिवसांची मुदत सत्रात बसवणे कठीण जाते. स्वतंत्र भाषावर्गासाठी तासिका उपलब्ध नाहीत. अनुवादक नेमणे मला तत्त्वतःच पटत नाही. ठराव, अंदाजपत्रक व देयक वाचण्यापुरते कन्नड कोणी वार्तांकनाच्या तासिकेतच शिकवले आहे का, आणि सुरुवात नेमकी कोणत्या कागदापासून केली?